नॉर्वेतलं संगीताचं वर्ष: ऑगस्ट ते जुलै काय ऐकावं, कुठे जावं? (सल्ला हवा)

मंद्र_पंचम

नमस्कार मंडळी. ऑगस्ट २०२६ ते जुलै २०२७ असं पूर्ण वर्ष शिक्षणासाठी बर्गनला मुक्काम आहे. राहणं फान्तोफ्तच्या विद्यार्थी वसाहतीत. कान हिंदुस्थानी शास्त्रीयवर तयार झालेला. नॉर्वेशी ओळख एवढीच, की झाकीरभाई, हरिजी आणि मॅकलॉफ्लिन यांच्याबरोबर यान गार्बारेकचा सॅक्सोफोन असलेली १९८७ ची तबकडी पाठ आहे.

वर्षभरात काय चुकवू नये? तिकिटं आणि राहण्याची सोय किती आधी करावी लागते? हार्डिंगफेले (त्यांचं तरफेच्या तारांचं व्हायोलिन) अगदी जवळून कुठे ऐकता येईल? शाकाहारी आहे, बजेट बेताचं आहे. जाणकारांनी सविस्तर सांगावं.

फियोर्डकाठ

पहिली गोष्ट, महिन्यांच्या हिशेबाने बेत आखू नका. तिथलं संगीताचं वर्ष तीन खुंट्यांना टांगलेलं असतं: ईस्टर, आठवड्याचा क्रमांक आणि जुलैची सामायिक सुट्टी.

ईस्टर दरवर्षी सरकतो. २०२६ चा ५ एप्रिलला आहे, २०२७ चा २८ मार्चला. वोस गावातला वोस्साजाझ हा जाझ महोत्सव पाम संडेच्या (ईस्टरच्या आदल्या रविवारच्या) शुक्रवार-शनिवार-रविवारी भरतो, म्हणजे तुमच्या वर्षी १९ ते २१ मार्च. त्यापुढच्या गुरुवारपासून ओस्लोत इन्फर्नो हा मेटलचा (कडक रॉकचा) महोत्सव, आणि त्याच आठवड्यात अगदी उत्तरेला काउतोकाइनोचा, सामींचा (तिथल्या मूळ रहिवाशांचा) ईस्टर महोत्सव. आदल्या वर्षीच्या तारखा बघून सुट्टी टाकली तर पोहोचेपर्यंत मांडव उठलेला असेल.

आठवड्याचा क्रमांक हा तिथल्या रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. १९ जुलै म्हणण्याऐवजी लोक सरळ 'उके २९' म्हणतात. मॉल्देचा जाझ महोत्सव परंपरेने २९व्या आठवड्यात असतो. २०२७ मध्ये तो १९ ते २५ जुलै येतो. फोनच्या कॅलेंडरमध्ये आठवड्यांचे क्रमांक दिसण्याची सोय चालू करा, पण आठवडा सोमवारी सुरू होतो असं आधी ठरवून द्या. अमेरिकी पद्धतीची मांडणी राहिली तर २०२७ मध्ये नेमका एक आठवडा चुकतो.

तिसरी खुंटी म्हणजे फेल्लेसफेरी, जुलैची सुट्टी. त्या काळात शहरांतली सभागृहं थंडावतात, वाद्यवृंद रजेवर जातात आणि संगीत गावोगाव पांगतं. ऑर्केस्ट्रा ऐकायचा तर ऑगस्टअखेर ते जूनच्या सुरुवातीपर्यंत. जुलैत ओस्लोत बसून राहाल तर हाती फार काही लागणार नाही.

सगळ्या तारखा शेवटी त्या त्या महोत्सवाच्या पानावर ताडून घ्या. वर दिल्या आहेत त्या रूढ पद्धतीवरून काढलेल्या आहेत.

काळी_दोन

शरद ऋतूचं मी सांगते.

ऑगस्टमध्ये ओस्लोचा ओया महोत्सव आहे. १९९९ पासूनचा, २०१४ पासून तॉयेन पार्कात. मोठा, नीट चालवलेला, पण तुम्ही त्याच सुमारास नव्या गावात घर लावत असाल, आणि तिथले बरेचसे मोठे पाहुणे कलाकार जगात कुठेही ऐकता येतील. माझ्या मते सोडून द्या. ते पैसे सप्टेंबरसाठी ठेवा.

सप्टेंबरमध्ये ओस्लोला उल्तिमा, १९९१ पासून, समकालीन संगीताचे साधारण दहा दिवस. आणि क्रिस्टियानसानला पुंक्त, यान बांग आणि एरिक होनोरे यांनी २००५ मध्ये सुरू केलेला. पुंक्तची तऱ्हा वेगळी आहे: एक मैफल होते, आणि ती संपताक्षणी तिचंच ध्वनिमुद्रण हाती घेऊन दुसरे कलाकार तिचं नवं रूप रंगमंचावर घडवतात. इथे लोक एक चूक हमखास करतात. पहिली मैफल झाली की कॉफीला जातात आणि दुसरीला उशिरा येतात. मूळ सूर कानात ताजे नसतील तर दुसऱ्या भागात नुसता धूसर नाद उरतो. दोन्ही सलग ऐका, आणि पहिल्या मैफलीतली एखादी छोटी जागा, एखादा श्वास, एखादा ठोका लक्षात ठेवा. तो परत कसा येतो हे ऐकण्यातच सगळी मजा आहे.

बर्गनहून क्रिस्टियानसानला थेट रेल्वे नाही. बस आणि फेरीने स्तावांगर (पाचेक तास), तिथून रेल्वेने आणखी तीनेक तास. एका दिवसात उरकण्यासारखं नाही, मधे स्तावांगरला एक मुक्काम धरा.

ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला ओस्लो वर्ल्ड, १९९४ पासून. तिथल्या मैफली शहरभर छोट्या जागांत विखुरलेल्या असतात, त्यामुळे पूर्ण पासापेक्षा दोन-तीन सुटी तिकिटं परवडतात.

नवा_श्रोता

बायलार्म फेब्रुवारीत असतो ना? नवे नॉर्वेजियन बँड ऐकायला तोच सांगतात सगळे.

काळी_दोन

पूर्वी फेब्रुवारी-मार्चमध्ये असायचा, जुन्या लेखांत तेच सापडेल. पुढे तो सप्टेंबरमध्ये गेला. एका रात्रीत पाच-सहा जागा पालथ्या घालायची तयारी असेल तरच जा. पास हातात असला तरी जागा भरली की दार बंद होतं, म्हणून हवा असलेला बँड ज्या जागी असेल तिथे त्याच्या आधीच्या बँडपासूनच उभं राहायचं.

तरफ_तार

मंद्र_पंचम, तुम्ही फान्तोफ्तला राहणार म्हणजे नशीबवान आहात. बर्गनच्या ट्रामवर, बीबानेनवर, फान्तोफ्तनंतर पारादीस आणि मग होप. होपला उतरून वीस-पंचवीस मिनिटं चाललं की त्रोल्हाउगेन, एडवर्ड ग्रीग १८८५ पासून राहत होता ते घर. शेजारी त्रोल्सालेन हे सुमारे २०० खुर्च्यांचं सभागृह, १९८५ चं, छपरावर गवत उगवलेलं. रंगमंचामागे भिंतच नाही, काच आहे, आणि काचेपलीकडे खाली पाण्याकाठी ग्रीग ज्या लाकडी खोपटात बसून लिहायचा ते खोपट दिसतं. पियानो वाजत असतो आणि नजर आपोआप तिथे जाते.

उन्हाळ्याच्या हंगामात दुपारी अर्ध्या तासाची मैफल असते. तो हंगाम संपायच्या आत जाऊन या, नंतर पुढच्या हंगामापर्यंत दुपारच्या मैफली मिळत नाहीत. रांगांमध्ये उतार चांगला आहे, त्यामुळे मागे बसलात तरी चालेल. पियानोवादकाचे हात बघायचे असतील तर डावीकडे बसा.

शहरात ग्रीगहालेन, तिथे बर्गन फिलहार्मोनिक. १७६५ साली स्थापन झालेला, जगातल्या सर्वांत जुन्या वाद्यवृंदांपैकी एक. मैफली बहुधा गुरुवारी संध्याकाळी. विद्यार्थी सवलत मागितल्याशिवाय कुणी देत नाही, तिकीट काढताना तो पर्याय स्वतः निवडायचा आणि ओळखपत्र बरोबर ठेवायचं.

मंद्र_पंचम

वा, हे तर दाराशीच निघालं. तरफ_तार, तुमचं नाव बघूनच विचारते: हार्डिंगफेलेचं कसं? यूट्यूबवर बरंच ऐकलं, पण ताल हाती लागत नाही. तीन मात्रा म्हणून टाळी द्यायला जावं तर दुसऱ्याच आवर्तनात हात चुकतो.

तरफ_तार

हात चुकतो कारण त्या तीन मात्रा सारख्या नसतातच. जरा सविस्तर लिहितो, हे एकदा समजलं की पुढचं वर्ष सोपं जाईल.

आधी वाद्य. वर चार तारा, त्यांच्याखाली घोडीतून जाणाऱ्या चार किंवा पाच तरफेच्या तारा. सारंगीच्या तीस-पस्तीस तरफांपुढे हे कमी वाटेल, पण घोडी साध्या व्हायोलिनपेक्षा चपटी असते, त्यामुळे गज एका वेळी दोन तारांवर सहज बसतो आणि जवळजवळ सतत एक तार षड्जासारखी धरून राहते. बाहेरून बघाल तर पट्टीवर शिंपल्याची जडणघडण, लाकडावर काळ्या शाईची वेलबुट्टी आणि टोकाला सिंहाचं किंवा नागासारखं कोरीव डोकं. बर्गनच्या संग्रहालयातल्या यास्ता-फेलेवर १६५१ साल घातलेलं आहे.

जुळणी आपल्या भाषेत सांगतो. सर्वांत रूढ जुळणी खालून वर आ-दे-आ-ए. 'दे' ला सा धरा, म्हणजे मंद्र पंचम, सा, पंचम आणि तार रिषभ. (तुमचं टोपणनाव तिथूनच सुरू होतं.) साध्या व्हायोलिनची फक्त सर्वांत खालची तार एक सूर चढवली की ही जुळणी झाली. दुसरी प्रसिद्ध जुळणी आ-ए-आ-सिस. तिथे 'आ' ला सा धरा: सा, प, तार सा, तार शुद्ध गंधार. हिला भुताखेतांची जुळणी म्हणतात, सैतानाकडून शिकल्याची दंतकथा सांगतात त्या गती हिच्यात वाजतात. अशा वीसहून अधिक जुळण्या आहेत. म्हणून कार्यक्रमात दोन गतींच्या मध्ये वादक बराच वेळ खुंट्या पिळत बसला तर कंटाळू नका. आठ-नऊ तारा नव्याने लावाव्या लागतात आणि तरफा जुळल्या नाहीत तर वाद्य मुकं वाटतं.

आता गती. त्यांचं नाव 'स्लॉट'. एक स्लॉट दोन ते चार मिनिटांची. आलाप-विस्ताराची वाट बघाल तर निराशा होईल. ती छोट्या छोट्या तुकड्यांची बनते, प्रत्येक तुकडा 'वेक'. एक वेक दोनदा-चारदा येतो, दर वेळी एखादा कण बदलून, मग त्याच्यातूनच पुढचा वेक निघतो. कुठला कण बदलला हे ऐकायला शिकलात की चार मिनिटं पुरून उरतात.

आणि ताल. सुरुवात 'गांगार'पासून करा, चालण्याचा ठेका, सरळ आहे. 'स्प्रिंगार' नंतर. तेलेमार्कच्या स्प्रिंगारात तीन मात्रांची लांबी ढोबळमानाने लांब-मध्यम-आखूड. वाल्द्रेसच्या स्प्रिंगारात आखूड-लांब-मध्यम. तुम्ही तिन्ही सारख्या मोजता आणि म्हणून गडबड होते. मोजू नका. वादकाचा पाय बघा, तो जमिनीवर आपटत असतो. त्याहून चांगलं म्हणजे नाचणाऱ्यांचे गुडघे बघा. शरीर खाली कधी बसतं आणि वर कधी येतं, तिथे मात्रा असते. आधी एकाच खोऱ्याचं पंधरा दिवस ऐका. तेलेमार्क आणि वाल्द्रेस आलटून पालटून ऐकलंत तर दोन्ही कानात बसणार नाहीत.

जवळून ऐकायला दोन जागा. ओस्लोत ग्र्युनरलोका भागातल्या जुन्या शौस मद्यनिर्मितीच्या आवारात रिक्सशेनेन, २०१० पासूनचा लोकसंगीताचा राष्ट्रीय रंगमंच. आणि खरी जागा म्हणजे जूनअखेरीच्या सुमाराची लान्स्काप्लाइक, राष्ट्रीय स्पर्धा. तिचं गाव दरवर्षी बदलतं. 'काप्लाइक'ची, म्हणजे अशा स्पर्धांची, परंपरा तेलेमार्कमधल्या बो गावात १८८८ साली सुरू झाली.

डबल_बेस_ड्रम

वाचनखूण साठवली. तरफ_तार यांना सेतेस्दालचाही उल्लेख करायला सांगतो, नाहीतर धागा अपुरा राहील.

तरफ_तार

बरोबर, राहूनच गेलं. दक्षिणेतलं सेतेस्दाल खोरं, तिथलं वादन, नाच आणि 'स्तेव' गाणं २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. स्तेव म्हणजे चार ओळींचं कडवं, साथीशिवाय, एकाने म्हटलं की दुसऱ्याने त्याला जोडून म्हणायचं. आपल्या ओवीच्या सगळ्यांत जवळचं तिथलं रूप मला हेच वाटतं. भाषा कळली नाही तरी सुरांकडे लक्ष द्या: काही जुने गायक गंधार धड शुद्ध नाही, धड कोमल नाही असा लावतात. तो बेसूर नाही, तशीच रीत आहे. हिंदुस्थानी ऐकणाऱ्याला हे पियानोवर वाढलेल्या श्रोत्यापेक्षा लवकर उमजतं.

उत्तरध्रुव

हिवाळा कुणी घेतलाच नाही, तो मी घेतो.

डिसेंबरमध्ये बर्गनमधलं कुठलंही मोठं चर्च बघा, समूहगानाच्या मैफली रोज असतात. तिकिटं नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत काढा. शेवटी सगळे उठून उभे राहतात आणि एक नाताळगीत एकत्र म्हणतात; त्या वेळी उभं राहायचं, गाता आलं नाही तरी. २३ डिसेंबरनंतर मात्र गाव बंद होतं.

जानेवारीअखेर ट्रॉम्सोचा नोरलीस, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाचा महोत्सव, १९८८ पासून. शास्त्रीय संगीत मुख्य, पण जाझ आणि सामी संगीतही असतं. ट्रॉम्सोत सूर्य सुमारे दोन महिन्यांनी २१ जानेवारीच्या आसपास क्षितिजावर परत येतो, त्यामुळे दिवसाचे काही तास तरी निळसर उजेड मिळेल. इशाव्स्काथेद्रालेन हे १९६५ चं त्रिकोणी चर्च, तिथली एक तरी मैफल घ्या. दोन मैफलींच्या मध्ये पूल ओलांडून चालत जायचं असेल तर बुटांना बर्फाचे काटे लावा. पाणी गोठून काच झालेले रस्ते असतात, आणि उशीर झालेल्याला मैफल सुरू झाल्यावर आत सोडत नाहीत.

फेब्रुवारीत स्वालबार्डला, लाँगयिअरबीनमध्ये, पोलारजाझ असतो. जायचं म्हणाल तर कागदपत्रांचं बघा. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनच्या, म्हणजे युरोपच्या सामायिक व्हिसा क्षेत्राच्या, बाहेर आहे. विमानतळावर पासपोर्ट तपासतात. तुमच्याकडे विद्यार्थी म्हणून निवास परवाना असेल तर परत येताना अडचण नाही. भेटीला आलेल्या घरच्या माणसांना न्यायचं असेल आणि त्यांचा शेंगेन व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल, तर ते परत नॉर्वेच्या मुख्य भूमीवर येऊ शकणार नाहीत. दोनदा प्रवेशाचा व्हिसा आधीच मागून घ्यावा लागतो.

डबल_बेस_ड्रम

आता ईस्टर. धागाकर्तीने मेटलचं विचारलेलं नाही, पण बर्गनमध्ये वर्षभर राहून ते टाळू नये. मेहेम, एम्परर, इम्मॉर्टल या मेटल बँडांच्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या तबकड्या ग्रीगहालेनमधल्याच स्टुडिओत, पित्तेन या ध्वनिमुद्रकाच्या हाताखाली झाल्या. ज्या इमारतीत तुम्ही गुरुवारी सिम्फनी ऐकाल तीच ही. गिटारच्या भिंतीमागे खोलीचा जो घुमारा ऐकू येतो तो या संगीताचा निम्मा प्राण आहे, म्हणून ते फोनच्या स्पीकरवर ऐकलं तर नुसता खरखराट वाटतो. हेडफोनवर, मध्यम आवाजात ऐका.

एक गोष्ट गांभीर्याने. तुमच्या वसाहतीजवळचं फान्तोफ्तचं लाकडी चर्च ६ जून १९९२ ला जाळण्यात आलं. त्या काळातल्या मेटलच्या इतिहासातली ती काळी बाजू आहे. आज उभं आहे ते नव्याने बांधलेलं. तिथे जाल तर शांतपणे जा, ते आजूबाजूच्या लोकांच्या लग्नाचं चर्च आहे.

इन्फर्नो ओस्लोच्या रॉकफेलरमध्ये, २००१ पासून. जुनं सार्वजनिक स्नानगृह होतं ते. त्याच इमारतीत खाली जॉन डी ही छोटी जागा. आवाज सर्वांत चांगला मिक्सिंगच्या टेबलाच्या अगदी पुढे-मागे मिळतो. भिंतीला टेकून उभं राहिलात तर बेस ड्रमचा चिखल होतो. कानात बोळे घालाच, आणि फोमचे पिवळे नकोत: ते वरचे सूर आधी गिळतात आणि झांजा नाहीशा होतात. संगीतासाठीचे सिलिकॉनचे, गाळणी असलेले मिळतात ते घ्या.

जेवणाचं आधी बघा. ईस्टरचा गुरुवार, शुक्रवार, रविवार आणि सोमवार दुकानं बंद. शनिवारी चार वाजता बंद होतात. शंभर चौरस मीटरपेक्षा लहान किराणा दुकानं तेवढी उघडी असतात. बुधवारी दुपारीच डाळ-तांदूळ-भाजी भरून ठेवा.

फियोर्डकाठ

आणि त्याच आठवड्यात निम्मी नॉर्वे डोंगरातल्या लाकडी घरांकडे निघालेली असते, त्यामुळे बर्गन-ओस्लो गाडीत जागा मिळत नाही. तिकीट डिसेंबरअखेर-जानेवारीत विक्रीला आलं की लगेच काढा. एन्तुर या अ‍ॅपवर सगळ्या रेल्वे आणि बस कंपन्या एकत्र दिसतात.

बर्गनकराने वोस्साजाझ घ्यावा असं माझं स्पष्ट मत. वोस रेल्वेने सव्वा तासावर. शनिवारी 'तिंगिंग्सवेर्क' असतं, म्हणजे महोत्सवाने एखाद्या संगीतकाराकडून खास मागवलेली नवी रचना, जी तिथे पहिल्यांदाच वाजते. तिचं तिकीट वेगळं आणि लवकर संपणारं. रात्रीची शेवटची गाडी मैफल संपायच्या आत निघून जाते, तेव्हा शनिवारची रात्र तरी वोसमध्येच धरा. त्याच दिवसांत स्कीइंगवाल्यांची गर्दी असते, खोल्या ऑक्टोबरमध्येच बघायला लागा.

उत्तरध्रुव

काउतोकाइनोसाठी विमानाने आल्ता आणि तिथून १३० किलोमीटर बसने. मार्च असला तरी उणे २० अंश गृहीत धरा. सामी ग्रां प्री ही स्पर्धा तिथलं मुख्य आकर्षण, यॉइक (सामींचं पारंपरिक गायन) आणि गीत असे दोन विभाग. यॉइकबद्दल एक गोष्ट समजून घ्या: सामी लोक एखाद्या माणसा'विषयी' यॉइक गात नाहीत, त्या माणसालाच यॉइक करतात. शब्द थोडे किंवा नसतातच, आणि ती यॉइक ज्याची आहे त्याची मानली जाते. म्हणून खाजगी बैठकीत न विचारता फोन रोखून ध्वनिमुद्रण करणं फार वाईट दिसतं. निल्स-आस्लाक वाल्केआपेने १९९४ च्या लिलेहामर ऑलिंपिकच्या उद्घाटनात यॉइक केली होती, ती आधी ऐकून जा.

वोस आणि काउतोकाइनो दोन्ही जमवायचं म्हणाल तर रविवारी वोस सोडून सोमवारी बर्गनहून उड्डाण. जमतं, पण खर्च दुप्पट. बजेट बेताचं असेल तर वोस घ्या आणि सामी संगीत जुलैत रिद्दू रिद्दूला ऐका. मान्दालेन खोऱ्यात, १९९१ पासून, तंबूत राहून. तेव्हा रात्री अंधार पडत नाही, डोळ्यांवर बांधायची पट्टी न्या.

काळी_दोन

मे महिना बर्गनचा. एप्रिलपासूनच गल्लोगल्ली ढोल ऐकू येतील: ते बुएकोर्प्स, मुलामुलींची पथकं, बर्गनची खासियत. परीक्षेचा अभ्यास करायचा तर खिडकी मागच्या बाजूची निवडा. १७ मे म्हणजे संविधान दिन. शाळांची बँडपथकं सकाळी सातपासून रस्त्यावर असतात. २०२७ मध्ये तो सोमवार, आणि आदला दिवस पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाचा रविवार, म्हणजे दोन दिवस दुकानं बंद.

त्यानंतर लगेच फेस्तस्पिल्लेने, १९५३ पासूनचा महोत्सव, पंधरा दिवस, आणि त्याच्याच जोडीने रात्री नाटजाझ, जुन्या सार्डिन माशांच्या कारखान्यात, यूएसएफ वेर्फ्तेत. नाटजाझचं एका दिवसाचं तिकीट सगळ्या खोल्यांना चालतं. मोठी खोली र्योकेरिए, म्हणजे मासे धुरावायची जागा. तिथे मोठ्या नावाच्या अर्धा तास आधी आत शिरा, पण छोट्या खोल्यांतले अनोळखी तरुण ऐकायला विसरू नका. त्यांतले बरेच ट्रॉन्डहाइमच्या जाझ अभ्यासक्रमातून आलेले असतात, १९७९ पासून तो चालू आहे आणि आजच्या नॉर्वेजियन जाझचं मूळ बऱ्याच अंशी तिथे आहे.

पावसाचं वेगळं सांगायला नको, बर्गन आहे. उघड्यावरच्या मैफलीत छत्री उघडू देत नाहीत, टोपीचा रेनकोट आणि रबरी बूट.

नवा_श्रोता

पैशाचं कुणी बोलेल का? आणि तिकीट संपलं तर?

फियोर्डकाठ

स्वस्तात ऐकायचा सरळ मार्ग म्हणजे 'फ्रिविल्ली' होणं, स्वयंसेवक. बहुतेक महोत्सवांत तीन-चार पाळ्या केल्या की पास आणि जेवण मिळतं. उन्हाळ्याच्या महोत्सवांचे अर्ज फेब्रुवारी ते एप्रिल. अर्जात 'ध्वनी' किंवा 'रंगमंच' मागितलं तर अनुभव नसल्यामुळे नाकारतात. कचरा-वर्गीकरण, स्वयंपाकघर, प्रवेशद्वार मागा, नक्की घेतात. आवडत्या मैफलीची वेळ अर्जातच लिहा, पाळ्या लागल्यावर बदल होत नाही. निवास परवान्यावर विद्यार्थ्याला आठवड्याला २० तास कामाची मुभा असते. पर्यटक व्हिसावर आलेल्याने मात्र आधी यूडीआय या परदेशी नागरिकांच्या खात्याला विचारूनच अर्ज करावा.

तिकीट संपलं तर काळ्या बाजाराला बळी पडू नका. २००७ च्या कायद्यानुसार सांस्कृतिक कार्यक्रमाचं तिकीट मूळ किमतीहून जास्त दराने विकायला बंदी आहे. कुणी दीडपट मागत असेल तर तो व्यवहार सोडा. आदल्या दोन-तीन दिवसांत मूळ किमतीला परत विकणारे बरेच येतात.

विप्सने (फोनवरून पैसे देण्याच्या अ‍ॅपने) पैसे द्या असं सगळीकडे लिहिलेलं दिसेल. त्याला नॉर्वेजियन ओळख क्रमांक आणि बँक खातं लागतं, ते हाती यायला वेळ लागतो. तोवर कार्ड चालतं. क्लबांत वयाची अट १८ किंवा २० असते, दारावर मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. फोनमधला फोटो चालत नाही.

काळी_दोन

ओस्लोला जाल तेव्हा एमानुएल व्हिगेलान संग्रहालयातल्या मैफलींवर लक्ष ठेवा. स्लेम्दाल स्थानकाजवळ. खिडक्या नसलेली, चित्रांनी भरलेली एक उंच कमानीची खोली. दार इतकं बुटकं की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही, आणि त्या दारावर आतून चित्रकाराच्या अस्थींचा कलश ठेवलेला आहे. आत काळोख. डोळे सरावायला चार-पाच मिनिटं लागतात, मग भिंतीवरचे देह हळूहळू दिसू लागतात. एक सूर सोडला तर दहा सेकंदांहून अधिक काळ तो विरत राहतो. त्यामुळे तिथे एकट्याचा कंठ, ट्रंपेट, हार्डिंगफेले यांच्या संथ मैफली निवडा. द्रुत लयीच्या ढोलवाद्यांचा तिथे काला होतो. खुर्च्या थोड्या, तिकिटं पटकन संपतात. आत गारठा असतो, लोकरीचे मोजे घाला. आणि चुरचुरणारं जाकीट बाहेरच ठेवा: तुमच्या बाहीचा आवाजही तितकाच वेळ घुमतो.

मंद्र_पंचम

सगळ्यांचे मनापासून आभार. आता जून-जुलैचा कच्चा बेत: जूनअखेर लान्स्काप्लाइक, मग फर्देचा लोकसंगीत महोत्सव, मग रिद्दू रिद्दू, मग २९व्या आठवड्यात मॉल्दे. काही चुकतंय का?

फियोर्डकाठ

एक जास्त आहे. फर्दे (१९९० पासून, बर्गनहून बसने तीन-साडेतीन तास, मधे फेरी) आणि रिद्दू रिद्दू जुलैच्या पूर्वार्धात एकमेकांच्या फार जवळ येतात, कधी कधी एकमेकांवरच. एक निवडा. जगभरचं लोकसंगीत आणि स्वस्त प्रवास हवा असेल तर फर्दे. काउतोकाइनो सोडलं असेल तर रिद्दू रिद्दू.

मॉल्देला रेल्वे जात नाही. ओस्लोकडून दोम्बोस, तिथून रौमा मार्गाने ऑन्दाल्सनेस, आणि पुढे दीडेक तास बस. जुलैत रुळांची कामं निघतात. तिकिटावर 'बुस फॉर तोग' दिसलं तर तिथे गाडीऐवजी बस आहे, दोन तास जास्तीचे धरा आणि त्याच संध्याकाळची मैफल ठेवू नका. हॉटेलं वर्षभर आधी भरतात. तंबू, किंवा गावकऱ्यांच्या घरातली खोली. महोत्सव त्याची यादी वसंतात देतो.

तरफ_तार

लान्स्काप्लाइकबद्दल एवढंच. पूर्ण दिवस एकाच सभागृहात बसू नका. हार्डिंगफेलेचा 'आ' वर्ग, म्हणजे सर्वांत वरचा, ज्या वेळी असेल त्याच्या अर्धा तास आधी पुढून तिसऱ्या-चौथ्या रांगेत, वादकाच्या उजव्या हाताच्या बाजूला जागा धरा. तरफा तिथे सर्वांत स्पष्ट ऐकू येतात. त्याहून पुढे गजाचा खरखराट जास्त आणि मागे गेलात की तरफा सभागृहात विरून जातात. प्रत्येक स्पर्धक बहुधा दोन स्लॉट वाजवतो. दोन स्लॉटच्या मध्ये टाळ्या वाजवायच्या नाहीत, दुसरी संपून गज खाली आला की मग.

आणि रात्रीच्या नाचाचं तिकीट घ्याच. भिंतीला लागून उभं राहा, गुडघे बघत राहा. कुणी नाचायला बोलावलं तर नाही म्हणू नका, फक्त आधी विचारा: गांगार की स्प्रिंगार?